पाठ न दाखवता

गेल्या वर्षीपर्यंत संस्कृतीला कुणी हाक मारली, की ती आधी मागे वळून बघायची. न जाणो, आपल्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला बोलावत असतील! मग ललिता मॅडमनी तिला दंडाला धरून कबड्डीच्या मैदानात उभी केली, पहिल्याच चढाईत ती दोघींना हात लावून परत आली, आणि त्या दिवसापासून संस्कृतीचा आवाज जो वाढला तो वाढलाच. आता ती हाक न मारताही येते. दहावीतल्या सगळ्यांना तिचं म्हणणं माहीत असतं, विचारलेलं असो वा नसो.

"तुला व्हॉल्यूमचं बटण दिलेलं नाहीये का गं?" सृष्टी विचारायची. सृष्टी म्हणजे तिची मैत्रीण, संघातला डावा कोपरा, आणि कर्वेनगरातली सर्वांत तिरकस बोलणारी मुलगी.

ललिता मॅडम खेळाच्या शिक्षिका. त्यांचा एकच धोशा. "चढाईला जाताना कुणी पकडत नाही. आत नाचतेस तेव्हाही सहसा पकडत नाहीत. पकडतात कधी? तू परत फिरलीस की. तुझं लक्ष मध्यरेषेकडे, पाठ त्यांच्याकडे. झालं! तेव्हा परत येताना तोंड त्यांच्याकडेच. उलटी ये, वाकडी ये, कशीही ये. पाठ दाखवायची नाही."

मुलींना हे इतकं पाठ झालं होतं, की वर्गातून बाहेर पडतानाही त्या उलट्या चालत आणि शिपाईमामांवर आपटत.

तर अशी सगळी मजा चालली असताना घरात दीपालीताई राहायला आली होती. ताई म्हणजे हिंदुरावनानांची मुलगी, संस्कृतीची सख्खी चुलत बहीण. नाना पप्पांचे मोठे भाऊ, लोणी काळभोरला राहणारे. ताईचं लग्न होऊन ती वाघोलीला गेली होती, नवऱ्याबरोबर, इंद्रजीतच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. जून महिन्यात ती एक पिशवी घेऊन माहेरी निघून आली. गावात लोक विचारतील, म्हणून नानांनीच तिला 'थोडे दिवस' पुण्यात भावाकडे ठेवलं. इथल्याच एका कॉलेजात ती प्रयोगशाळा सांभाळायची, तेव्हा लोकांना सांगायला कारणही बरं होतं, नोकरी जवळ पडते.

संस्कृतीला तर लॉटरीच लागली. खोलीत ताई, गप्पा ताई, केसांना तेल लावायला ताई. एकच गोष्ट तिला खटकली. पुण्यातल्या मुली स्कूटरवर बसताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ताई पहिले आठ-दहा दिवस घरात, पंख्याखाली, गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून बसायची.

"ताई, घरात कुठे धूळ आहे? आई दिवसातनं दोनदा झाडते, तिला राग येईल हं."

ताई हसली, आणि मग नाही हसली. "रागात होता गं तो. हात गळ्यापर्यंत गेला. पण लगेच सोडला. मग रडला, माझ्या पाया पडला. घरात कुणाला बोलू नकोस. नानांना वाटेल मी वाढवून सांगतेय."

संस्कृतीने कधी नव्हे ते तोंड मिटलं. तिला समजत नव्हतं, पाया पडला ही चांगली गोष्ट झाली की वाईट.

मग शाळेने भित्तिपत्रक काढायचं ठरवलं, 'सुरक्षित मुलगी'. बाईंनी मुद्दे फळ्यावर लिहूनच दिले. रात्री एकट्याने फिरू नये. अनोळखी माणसाशी बोलू नये. अंधाऱ्या रस्त्याने जाऊ नये. पर्समध्ये मिरचीपूड ठेवावी.

सृष्टीने हात वर केला. "बाई, मिरचीपूड कांदा-लसणाची चालेल की साधी?"

त्यामुळे भित्तिपत्रकाचं काम शिक्षा म्हणून सृष्टीकडे आलं आणि मैत्री म्हणून संस्कृतीकडे. उदाहरणं हवीत, म्हणून दोघी सृष्टीच्या घरी रद्दीच्या ढिगात बसल्या. तिचे आजोबा पेपर विकत नाहीत, साठवतात. गच्चीच्या जिन्यात वर्षानुवर्षांचा ढीग. दोघींनी बायकांचे खून झालेल्या बातम्या बघायला घेतल्या, शेंगदाणे खात. थोड्या वेळाने शेंगदाणे तसेच राहिले.

कारण अंधारा रस्ता सापडेचना. अनोळखी माणूस तर फारच कमी वेळा. सापडत होतं ते स्वयंपाकघर, भाड्याची खोली, सकाळची वेळ, दुपारची वेळ. आणि माणूस म्हणजे नवरा. नाहीतर प्रियकर. नाहीतर 'पूर्वीचा मित्र'. कारण दिलेलं असायचं ते नेहमी तिचं: तिने लग्नाला नकार दिला, तिच्यावर संशय होता, ती नांदायला येत नव्हती. खाली शेजारी सांगायचे, मुलगा शांत स्वभावाचा होता, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

"हे सगळे एकाच क्लासला जातात का गं?" सृष्टी म्हणाली. "नोट्ससुद्धा सेम."

संस्कृतीने तीन-चार बातम्या शेजारी शेजारी मांडल्या. तिला आणखी एक गोष्ट दिसत होती. या बायका त्या घरात वर्षानुवर्षं राहिल्या होत्या. मार खाल्ला, ओरडा खाल्ला, पण जिवंत होत्या. बातमी झाली ती त्यांनी घर सोडल्यावर, किंवा सोडते म्हटल्यावर. आणि कितीतरी बातम्यांत तेच वाक्य: शेवटचं एकदा बोलायचंय, असं सांगून तिला बोलावून घेतलं.

"सृष्टे," ती हळू म्हणाली, आणि हळू म्हणाली म्हणूनच सृष्टीने वर बघितलं. "परत फिरताना पकडतात."

शनिवारी नाना आले. येताना गुऱ्हाळातला गूळ, घरची वांगी आणि एक आनंदाची बातमी घेऊन आले. पंख्याखाली टोपी काढून त्यांनी ती जाहीर केली.

"इंद्रजीतचा फोन आला हुता. पोरगा लई समजूतदार हाय. म्हणतोय, दीपालीला नसंल राहायचं तर माझी हरकत न्हाई. सह्या करतो. तिची सर्टिफिकिटं, कपडे, समदं घेऊन जावा. फकस्त एकदा शेवटचं दोघांनीच बसून बोलू द्या, मन मोकळं करू द्या. उद्या दुपारी जायाचं ठरलंय."

"बघा, किती शांतपणे घेतलं त्याने," आई म्हणाली.

नाना पप्पांकडे वळले. "आनंदा, तू गाडी काढ. आपण दोघं खाली थांबू. च्या पिऊ. नवरा-बायकूच्या मधी तिसऱ्यानं बसू न्हाई."

हे मात्र त्यांच्या घराण्यातलं अगदी पक्कं होतं. नवरा-बायकोचं बिनसलं, की वडीलधाऱ्यांनी दोघांना घरापर्यंत पोचवायचं, दार ओढून घ्यायचं आणि आपण ओट्यावर पान खात बसायचं. आत काय ते त्यांचं ते बघतील. याला नाना मान ठेवणं म्हणायचे.

"शांत स्वभावाचा," संस्कृती मोठ्याने म्हणाली.

"हां, मंग! कुणाच्या अध्यात न्हाई का..."

"नाना, नका ना पूर्ण करू ते वाक्य!"

मग तिने सगळं सांगून टाकलं. रद्दी, बातम्या, शेवटची भेट, चढाई, मध्यरेषा. इतक्या जोरात सांगितलं की समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी टीव्ही बंद केला. गळ्याचं मात्र तिने सांगितलं नाही, कारण तसं वचन दिलं होतं. ती नुसती ताईकडे बघत राहिली. ताई गुळाच्या ढेपेकडे.

नाना हसले. "आनंदा, हिला पेपर वाचाया देत जाऊ नगंस. इंद्रजीत काय गुंड हाय का? माज्या पाया पडतो त्यो."

"तुमच्याही पडतो?" संस्कृतीने विचारलं. ताईने झटकन मान वर केली.

"सगळे पुरुष तसे नसतात, बाळा," पप्पा समजुतीने म्हणाले.

"माहितेय, पप्पा. तुम्ही पण पुरुषच आहात, आणि तुम्हाला झुरळसुद्धा मारता येत नाही. मी सगळ्यांचं नाही बोलत. मी उद्याचं बोलतेय."

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना तिने ताईला गाठलं. ताई चिमटे डब्यात टाकत होती, एकेक, आवाज करत.

"तमाशा नकोय मला, संस्कृती. एक तास बोलू दे त्याला. मग संपलं. माझी सर्टिफिकेटं तिथे आहेत. कायमच्या पोस्टसाठी ती लागणार आहेत. आणि मी त्याला तुझ्यापेक्षा जास्त ओळखते."

"मग तुला भीती वाटत नाही?"

ताईच्या हातातला चिमटा डब्याबाहेर पडला. "दार ओढून घेतल्यावरचा जो आवाज असतो ना, त्याची वाटते," ती म्हणाली आणि कपड्यांचा ढीग घेऊन आत गेली.

संस्कृतीने ललिता मॅडमना फोन लावला आणि गळ्याचंही सांगितलं; वचन घरात न बोलण्याचं होतं, मॅडम काही घरातल्या नव्हेत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही 'अगं पण' म्हणाल्या नाहीत.

"गळा धरला होता? मग गंमत नाहीये ही. हे ताईने पोलिसांना सांगायला हवं. ते तिचं ती ठरवेल. पण उद्या ती एकटी वर जात नाही. सामान किती आहे?"

"एक-दोन बॅगा असतील."

"मग उचलायला संघ लागेल," मॅडम म्हणाल्या. "घरी सराव सामना आहे असं कुणी सांगायचं नाही. खोटं बोलून जायचं नाही. 'एका ताईचं सामान उचलायला मॅडमबरोबर जातोय.' खरं तेच आहे. मी सगळ्यांच्या आयांना फोन करते."

रविवारी दुपारी पप्पांची गाडी निघाली तेव्हा संस्कृती खेळाचे बूट घालून कधीच पसार झाली होती. नळस्टॉपला मेट्रो, रामवाडीपर्यंत गारेगार, तिथून वाघोलीची बस. सात मुली, एक मॅडम. बसमध्ये एका आजींनी विचारलं, "कुठं सामना आहे गं पोरींनो?" सृष्टी म्हणाली, "सातव्या मजल्यावर." आजी विचारात पडल्या ते उतरेपर्यंत. नगर रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि त्यांतलीच एक पप्पांची असणार, या कल्पनेने संस्कृतीला आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅफिकचं प्रेम वाटलं.

गाडी सोसायटीच्या फाटकाशी आली तेव्हा संघ ओळीत उभा होता.

"हे काय?" नाना उतरताच कडाडले. "ह्या पोरी कशाला?"

"सामान उचलायला," सगळ्या एका सुरात.

"तू ना, संस्कृती..." ताईचे डोळे असे झाले, की संस्कृतीचा नवाकोरा आत्मविश्वास थेट बुटांत उतरला. पण ताईने 'परत जा' म्हटलं नाही. ती लिफ्टकडे चालायला लागली. संस्कृती, सृष्टी आणि मॅडम तिच्या मागे घुसल्या. बाकीच्या जिन्याने धावल्या. नाना खाली वॉचमनच्या खुर्चीत बसले. मान ठेवायचा होता ना. पप्पा मात्र गाडीला कुलूप लावू की नको अशा विचारात तिथेच घुटमळत राहिले.

इंद्रजीतने दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, छान हसू. मग त्याला ताईच्या मागे ललिता मॅडम दिसल्या, त्यांच्या मागे धापा टाकत एकेक करून पोहोचणारा डावा-उजवा अख्खा संघ दिसला.

"अरे वा! एवढी मोठी गँग?" तो हसला. खरंच गोड हसला. संस्कृतीला वाटलं, गेलं, आपण मूर्ख ठरलो. "मुलींनो, खाली थांबता का? मी कोल्ड्रिंक पाठवतो. आमचं जरा पर्सनल आहे."

"आम्ही कोल्ड्रिंक पीत नाही, दमावर परिणाम होतो," सृष्टी म्हणाली आणि उंबरठ्यावरच मांडी घालून बसली. दार आता कुणाच्या बापाला लावता आलं नसतं.

"सर्टिफिकेटं कुठे आहेत?" ताईने विचारलं.

"बेडरूममध्ये, कपाटात. ये ना, देतो."

ताई आत गेली. इंद्रजीत तिच्या मागे. बाहेरच्या खोलीत सगळ्या एकमेकींकडे बघत उभ्या. बेडरूमचं दार अगदी सावकाश, कुणी लोटत नसल्यासारखं, मिटायला लागलं.

संस्कृतीने दम घेतला. चढाईला घेते तसा, पोटापासून. सोफा ओलांडला, टीपॉय ओलांडलं आणि बूट दारात घातला. दार बुटावर आपटलं.

"ताई!" ती सुरात म्हणाली, शक्य तितक्या निरागस आवाजात. "कोणती बॅग उचलू?"

ताई कपाटापाशी उभी होती. पण ती कपाटाकडे बघत नव्हती. ती दाराच्या आतल्या बाजूकडे बघत होती. तिथे एक नवी कोरी कडी होती. स्क्रू चकचकीत. खाली फरशीवर लाकडाचा भुसा, अजून झाडलाही नव्हता.

"ही कडी कधी लावलीस?" ताईने विचारलं.

"ती? वाऱ्याने दार आपटतं गं."

"मी होते तेव्हा आपटत नव्हतं."

इंद्रजीतचं हसू होतं तिथेच होतं, पण त्याच्या आतून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं होतं. "इतकाही विश्वास नाही ना तुझा? पाच मिनिटं मागतोय मी. एकटीने. एवढंही देऊ शकत नाहीस?"

ताईचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथे स्कार्फ नव्हता. तिने हात खाली घेतला, कपाट उघडलं, कपड्यांची भरलेली बॅग दाराबाहेर सरकवली, फायलींची पिशवी बाहेर काढली आणि संस्कृतीच्या छातीशी दिली.

"बोल ना," ती म्हणाली. "मी ऐकायलाच आलेय. इथे बोल, सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर काय बोलणार?"

"मग तुला बोलायचं नव्हतंच."

ती दाराकडे वळली, आणि संस्कृतीच्या तोंडून मैदानावरची किंचाळी बाहेर पडली. "पाठ नको!"

पुढे जे झालं ते वाघोलीत पूर्वी कधी झालं नसणार. दीपालीताई थांबली, इंद्रजीतकडे तोंड केलं, मागे हात लांब केला. संस्कृतीने तो पकडला. संस्कृतीचा दंड मॅडमनी. मॅडमचा हात उजव्या कोपऱ्याने. आणि अशी ती अख्खी साखळी, फायली, बॅग सगळ्यांसकट, त्याच्यावर नजर ठेवून, उलटी चालत फ्लॅटमधून बाहेर निघाली. टीपॉयला कुणीतरी अडखळलं. कुणीतरी 'सॉरी' म्हणालं. सृष्टी उंबरठ्यावरून बसल्या बसल्याच मागे सरकली आणि कुणाच्या तरी पायांवर आदळली.

ते पाय नानांचे होते. त्यांना खाली राहवलं नव्हतं. पोरींना ओरडायला म्हणून ते पप्पांना घेऊन वर आले होते. तोंड उघडलंच होतं त्यांनी. तेवढ्यात आतून काचेचा पेला आला आणि दाराच्या चौकटीवर फुटला. त्यामागून इंद्रजीतची शिवी आली. ताईच्या नावाने, घाणेरडी. आणि त्याचा चेहरा. तो चेहरा नानांनी कधी बघितला नव्हता, कारण नाना दरवेळी दार ओढून घेऊन खाली बसलेले असायचे.

इंद्रजीतला नाना दिसले. क्षणात हसू परत आलं. "नाना, तुम्ही? या ना आत."

नाना आत गेले नाहीत. त्यांनी बॅग उचलून आपल्या खांद्यावर टाकली, आणि ते ताईच्या शेजारी उभे राहिले, मुलींसारखेच, त्याच्याकडे तोंड करून. लिफ्ट येईपर्यंत. नाना लिफ्टमध्येसुद्धा उलटे शिरले.

खाली आल्यावर सगळ्यांना एकदम हसू फुटलं, थरथरतं, न थांबणारं. पप्पांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. ताई हसता हसता रडली, मग नाक पुसून म्हणाली, "काका, गाडी पोलीस चौकीकडे घ्या. गळ्याचं सांगायचंय मला. कडीचंही."

"गळ्याचं काय?" पप्पांनी विचारलं. ताईने सांगितलं. रस्त्यावर, उसाच्या गाड्याशेजारी, सगळ्यांसमोर.

नानांनी रसाचा पेला न पिताच गाड्यावर ठेवला. "मी बी येतो," ते म्हणाले. "त्यांनी इचारलं हिला दरवेळी माघारी कोण धाडत हुतं, तर सांगतो. मीच."

"सामना संपला असं समजू नकोस हं," ललिता मॅडम ताईला म्हणाल्या. "रस्ता बदल, वेळा बदल, आणि काही दिवस कुणीतरी सोबत असू दे."

सोमवारी सकाळी संस्कृतीने पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. खड्डे होते, पाणीकपात होती, वाघोलीचं काहीच नव्हतं. तिने पेपर घडी करून सृष्टीच्या आजोबांसाठी ठेवला.

भित्तिपत्रक त्या दोघींनी नवीन केलं. बाईंना ते फार धीट वाटलं, पण मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लागलं. मिरचीपूड राहिली, सृष्टीच्या हट्टाने, अगदी कोपऱ्यात.

आणि ताई कॉलेजला निघाली. आई तिच्यासोबत थांब्यापर्यंत जाणार होती, ती अजून चपला शोधत होती. संस्कृती बाल्कनीतून बघत होती. ताई फाटकातून बाहेर पडली, गळा मोकळा, फायलींची पिशवी खांद्याला. संस्कृती वरून काही ओरडणार, इतक्यात ताई स्वतःच वळली, वर बघून हसली आणि कंबरेवर हात ठेवून चार पावलं उलटी चालली. थेट केळीवाल्याच्या गाडीवर.

"अहो ताई, डोळे पाठीला लावलेत का?" केळीवाला ओरडला.

"हो!" संस्कृती वरून म्हणाली, इतक्या मोठ्याने की समोरच्या काकूंनी टीव्ही बंद केला.